नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचे परीक्षण : मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी

पुस्तकाचे परीक्षण हे ज्याने ते पुस्तक अजून वाचलेले नाही त्याच्यासाठी लिहायचे असते, ही गोष्ट लिहायला बसण्याआधी मनाशी पक्की करावी. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात कपाटासमोर उभा असलेला सभासद, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मुलीला काहीतरी शोधणारी आई, शाळेच्या ग्रंथालयासाठी खरेदीची यादी करणारे शिक्षक, या सगळ्यांना आपल्याकडून एकच मदत हवी असते. हे पुस्तक घ्यावे की नाही, हे त्यांना स्वतःला ठरवता यावे. त्यासाठी परीक्षण करणाऱ्याने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायच्या असतात : पानावर काय आहे, आणि ते वाचताना वाचणाऱ्याच्या मनात काय घडले. मुलांच्या पुस्तकाबाबत वाचणारे दोघे असतात, मोठा माणूस आणि मूल, आणि दोघांच्याही वाचनाचा वृत्तान्त द्यावा लागतो. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकांवर जे लिहिले जाते, त्यात मुलाच्या वाचनाचा वृत्तान्त बहुतेक वेळा गाळला जातो असे माझे मत आहे, म्हणून या लेखात मी त्या भागावर अधिक थांबले आहे.

वाचत असतानाच्या नोंदी

पुस्तक मिटून दोन-तीन आठवडे गेले की डोक्यात कथानक तेवढे उरते. कोणत्या प्रकरणात कंटाळा आला होता, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले, कोणता परिच्छेद घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावासा वाटला, हे सगळे पुसले जाते, आणि परीक्षणाला नेमके तेच लागते. म्हणून वाचताना शेजारी वही ठेवावी, किंवा पुस्तकातच खुणेसाठी कागदाची एक लांब पट्टी ठेवून तिच्यावर लिहावे. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनेसुद्धा रेघा मारू नयेत, कारण आपली खूण पुढच्या वाचकाला आपल्याच नजरेने वाचायला लावते.

नोंद फार मोठी नको. पान क्रमांक आणि चार-पाच शब्द पुरतात : ‘पान ४७, बापलेकाचे बोलणे अगदी खरे’, ‘पान ८८, इथे पुस्तक दोन दिवस बाजूला पडले’, ‘पान १२०, साल जुळत नाही’. पटलेल्या जागांच्या नोंदी आपोआप होतात. अडलेल्या, खटकलेल्या आणि न समजलेल्या जागांच्या नोंदी मात्र जाणीवपूर्वक कराव्या लागतात. पुढे लिहिताना याच दुसऱ्या प्रकारच्या नोंदी जास्त उपयोगी पडतात, कारण ‘आवडले’ या मताला आधार देणे सोपे असते, तर ‘इथे पुस्तक कमी पडते’ असे म्हणायचे असेल तर पान उघडून दाखवता आले पाहिजे.

पहिला कच्चा मजकूर पुस्तक संपल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी लिहावा आणि मग तो आठवडाभर बाजूला ठेवावा. चांगला शेवट असलेल्या पुस्तकाचा प्रभाव पहिल्या दिवसांत इतका दाट असतो की मधल्या शंभर पानांचा सैलपणा आपण सहज माफ करतो. उलट, शेवट फसलेल्या पुस्तकातील उत्तम सुरुवातही त्या रागात झाकली जाते. आठवड्याने मजकूर पुन्हा वाचताना समोर नोंदींची पट्टी असली की हा तोल सावरता येतो.

पुस्तक पूर्ण वाचूनच लिहावे हा नियम कथा, कादंबरी आणि चरित्र यांना लागू आहे. कवितासंग्रह, लेखसंग्रह किंवा कोश यांच्याबाबत किती भाग वाचला ते सांगून लिहिले तर त्यात काही वावगे नाही. एखादे पुस्तक अर्ध्यावर सोडले असेल तर तेही सांगण्यासारखे आहे. मात्र कोणत्या पानावर सोडले आणि का सोडले हे स्पष्ट लिहावे, आणि न वाचलेल्या भागाबद्दल एक शब्दही काढू नये.

तपशील

परीक्षणाच्या माथ्यावर किंवा तळाशी पुस्तकाचे नाव, लेखक, अनुवादक, चित्रकार, प्रकाशन, आवृत्ती व साल, पृष्ठे आणि किंमत द्यावी. यातील अनुवादक आणि चित्रकार ही दोन नावे सर्वांत जास्त वेळा गळतात, आणि मुलांच्या पुस्तकात चित्रकाराचे नाव गाळणे म्हणजे अर्ध्या पुस्तकाचा कर्ता गाळणे होय. ही सर्व माहिती मुखपृष्ठावरून न घेता आतल्या श्रेयनामावलीच्या पानावरून घ्यावी. तिथे पहिली आवृत्ती केव्हा निघाली हेही कळते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे पुस्तक नव्या मुखपृष्ठासह आले असेल, तर त्यातील भाषा, पैशांचे व्यवहार आणि घरातील माणसांची एकमेकांशी वागण्याची रीत त्या काळातील आहे हे वाचकाला आधी सांगितलेले बरे.

मोठ्यांच्या पुस्तकावर लिहिताना

सुरुवात लेखकाच्या जन्मगावापासून आणि त्याला मिळालेल्या पुरस्कारांपासून करू नये. ती माहिती मलपृष्ठावर असते, आणि वाचकाला ती नंतरही मिळते. पुस्तक कशाबद्दल आहे आणि ते कोणता प्रयत्न करते, हे पहिल्या दोन-तीन वाक्यांत आले पाहिजे. लेखकाची माहिती पुस्तक समजायला आवश्यक असेल तेव्हाच, आणि तेवढीच, द्यावी. उदाहरणार्थ, मारुती चितमपल्ली यांच्या लेखनावर लिहिताना ते वनाधिकारी होते हे सांगणे गरजेचे ठरते, कारण पक्षी आणि झाडे यांच्या मराठी नावांची जी श्रीमंती त्यांच्या वाक्यांत दिसते ती जंगलातील नोकरीच्या वर्षांत तिथल्या माणसांकडून गोळा झालेली आहे. त्यांचा जन्म १९३२ साली सोलापुरात झाला आणि २००६ साली सोलापुरातच भरलेल्या एकोणऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, ही माहिती आपल्या गावच्या वाचकाला आनंद देईल, म्हणून एका वाक्यात जरूर द्यावी. पण तिच्यावर परीक्षण उभे राहत नाही.

कथानक किती सांगावे, हा प्रश्न नेहमी येतो. साधारणपणे पहिल्या चतुर्थांशात जे घडते तेवढे सांगायला हरकत नाही, त्यानंतरचे प्रसंग नाव न घेता त्यांच्या स्वरूपावरून सांगावेत. रहस्यकथेत तर पहिल्या घटनेच्या पुढे जाऊ नये. काही परीक्षणांत पाचपैकी चार परिच्छेद कथानकात जातात आणि शेवटी ‘अवश्य वाचावे’ एवढेच मत उरते. असे परीक्षण वाचल्यावर पुस्तक वाचण्याचे कारणच संपते.

यानंतर येते ती खरी अडचण, विशेषणांची. ‘ओघवती भाषा’, ‘मनाला भिडणारे लेखन’, ‘एका बैठकीत वाचून संपवले’, ‘संग्राह्य’, ‘वाचनीय’ हे शब्द आपल्याकडे इतके वापरले गेले आहेत की त्यांच्यातून आता वाचकाला काहीही कळत नाही. असा शब्द कच्च्या मजकुरात आला की तिथे थांबून स्वतःला विचारावे, हे मला कशावरून वाटले? भाषा ओघवती वाटली याचे कारण कदाचित असे असेल की लेखिका लहान वाक्ये लिहिते, निवेदन प्रमाण मराठीत ठेवते आणि संवादांत बार्शी-पंढरपूरकडची बोली जशीच्या तशी येऊ देते, त्यामुळे माणसे वर्णनावाचूनही ओळखू येतात. मग ‘ओघवती’ हा शब्द काढून टाकावा आणि हे कारणच लिहावे. ज्याला बोलीतील संवाद वाचायला जड जातात त्यालाही या वाक्याचा उपयोग होतो, कारण हे पुस्तक आपल्यासाठी नाही हे त्याला कळते. ‘मनाला भिडले’ याऐवजी कोणत्या प्रसंगात वाचन थांबवावे लागले ते सांगावे. निंदेच्या विशेषणांनाही हाच नियम लावावा : ‘रटाळ’ असे लिहिण्यापेक्षा ‘तिसऱ्या आणि पाचव्या प्रकरणांत तोच वाद त्याच युक्तिवादांनी पुन्हा येतो’ असे लिहिले तर लेखकालाही ते मान्य करावे लागते.

पुस्तकातील एखादे-दुसरे वाक्य उद्धृत केल्याने परीक्षणाला वजन येते. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ५२ प्रमाणे समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी मजकुराचा रास्त वापर केला तर तो प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. रास्त याचा अर्थ मुद्दा स्पष्ट होण्यापुरता. छोट्या कवितेचे सगळे कडवे उतरवून देणे किंवा चित्रपुस्तकातील पानांमागून पानांची छायाचित्रे टाकणे यात बसत नाही. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा प्रताधिकार त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, त्यामुळे १९५० साली निधन पावलेल्या साने गुरुजींनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांतून मोठा उतारा घेता येतो, पण आज लिहीत असलेल्या कवीचा नाही. उताऱ्यापुढे पान क्रमांक द्यावा.

प्रकारानुसार पाहण्याच्या गोष्टी बदलतात. कथासंग्रहातील प्रत्येक कथेवर दोन-दोन ओळी लिहिल्या की एकाही कथेबद्दल काही सांगितले जात नाही. त्यापेक्षा तीन कथा निवडाव्यात, त्यांतील एक न जमलेली असावी, आणि त्यांच्यावरून संग्रहाचे स्वरूप दाखवावे. इतिहास आणि चरित्र यांच्यात लेखकाने आधार दिले आहेत का, सूची आहे का, हे पाहावे आणि आपल्याला ज्या दोन-चार गोष्टी नक्की ठाऊक आहेत त्या ताडून पाहाव्यात. स्वातंत्र्यलढ्यावरचे एखादे पुस्तक हाती आले तर सोलापूरकर वाचकाने १९३० च्या मे महिन्यातील मार्शल लॉचे पान आधी उघडावे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांची नावे तिथे पूर्ण आहेत का, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला त्यांना फाशी देण्यात आली ही तारीख बरोबर आहे का, हे आपण चटकन तपासू शकतो. आपल्या माहितीच्या पानावर चूक सापडली म्हणून सगळे पुस्तक अविश्वसनीय ठरत नाही, पण परीक्षणात ती चूक पान क्रमांकासह नोंदवणे हे आपले काम आहे.

अनुवादित पुस्तकाच्या बाबतीत सोलापूरला एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहज मिळत नाही. उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या कन्नडमधून मराठीत आणल्या, आणि आपल्या गावात त्या कादंबऱ्या मूळ कन्नडमध्ये वाचू शकणारी माणसे शेजारीच राहतात. अशा शेजाऱ्याला एखादे प्रकरण दोन्ही भाषांत वाचायला सांगून मूळात काय अधिक ऐकू येते ते विचारावे आणि त्यांचे म्हणणे त्यांचे म्हणूनच नोंदवावे. तशी सोय नसेल तर कोणतेही एक पान मोठ्याने वाचावे. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा मूळ भाषेची वाक्यरचना मराठी वाक्यात तशीच राहिलेली असते.

मुलांच्या पुस्तकावर लिहिताना

मुलांचे पुस्तक परीक्षण करणाऱ्याने दोनदा वाचावे : एकदा एकट्याने, आणि एकदा मुलासोबत. पहिल्या वाचनात आपण मोठ्या माणसाच्या नजरेने रचना, भाषा आणि चित्रे पाहतो. दुसऱ्या वाचनात आपले काम पुस्तक मोठ्याने वाचणे आणि मुलाकडे लक्ष ठेवणे एवढेच असते. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे गेला की दुपारभर मुले घरातच असतात, आणि दुसऱ्या वाचनासाठी त्याहून चांगली वेळ नाही. घरात मूल नसेल तर शेजारच्या, बहिणीच्या किंवा वर्गातल्या मुलाला वाचून दाखवावे, आणि दोन वेगवेगळ्या स्वभावांच्या मुलांना दाखवता आले तर फारच उत्तम.

वाचून दाखवताना मूल काय करते ते टिपावे. ते पान उलटू देत नाही का, बोट ठेवून चित्रात काही शोधते का, मध्येच प्रश्न विचारते का, पुढे काय होणार ते आधीच सांगते का, कुठे उठून जाते, आणि संपल्यावर ‘परत वाच’ म्हणते का. यांतील प्रत्येक गोष्ट परीक्षणातील वाक्य होऊ शकते. मुलाला ‘यातून तू काय शिकलास?’ असे मात्र विचारू नये. हा प्रश्न आला की मूल शाळेतल्या परीक्षेचे उत्तर देते, ‘खरे बोलावे’, ‘झाडे लावावीत’, आणि त्याचे स्वतःचे मत आपल्याला कधीच कळत नाही. त्यापेक्षा विचारावे की कुणाचा राग आला, कोणते चित्र पुन्हा पाहावेसे वाटते, कोणती गोष्ट खोटी वाटली, ही गोष्ट कुणाला सांगशील. उत्तर मिळाले नाही तर आग्रह धरू नये. काही मुले दोन दिवसांनी जेवताना अचानक त्या पुस्तकाबद्दल बोलतात, तेव्हा ते लिहून ठेवावे.

मिळालेले उत्तर मुलाच्या शब्दांतच ठेवावे, त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर करू नये. ‘कोल्हा लई हुशार दाखवलाय, पण त्यानं काय केलंच नाही’ हे एका मुलाचे वाक्य ‘पात्रचित्रण व कृती यांत विसंगती आहे’ या आपल्या वाक्यापेक्षा अधिक सांगते. मुलाचे नाव, शाळा किंवा छायाचित्र देऊ नये. ‘आठ वर्षांची वाचक’ एवढे पुरे, आणि तेही पालकांना विचारून.

वयोगट हा आणखी एक कठीण भाग. ‘६ ते १२ वर्षे’ असे लिहून काहीही कळत नाही, कारण सहा वर्षांचे मूल पहिलीत अक्षरे जुळवत असते आणि बारा वर्षांचे सातवीत शंभर-दीडशे पानांची कादंबरी वाचू शकते. वयाचा आकडा देण्यापेक्षा पुस्तक कसे वाचले जाईल ते सांगावे : मांडीवर घेऊन दाखवण्याचे आहे, मोठ्याने वाचून दाखवावे लागेल, मूल मदतीने वाचेल, की एकटे वाचेल. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकांवर वाचनाच्या चार पातळ्या छापलेल्या असतात आणि त्या वयापेक्षा वाचनक्षमतेवर आधारलेल्या आहेत, हे धोरण मला पटते. पातळी छापलेली नसेल तर आपण पाहावे : पानावर किती वाक्ये आहेत, वाक्य एका ओळीत संपते का, जोडाक्षरे किती आणि कोणती आहेत, अक्षराचा आकार केवढा आहे, शब्द ओळीच्या शेवटी तोडलेले तर नाहीत.

इथे सोलापूरच्या परीक्षणकर्त्याला इतरांहून अधिक काळजी घ्यावी लागते. पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड, कित्येक मोहल्ल्यांत दखनी उर्दू, आणि ही सर्व मुले एकाच वर्गात मराठी वाचत असतात. ज्या मुलाला मराठी मुख्यतः शाळेतच भेटते, त्याला ‘अंगण’, ‘न्याहारी’, ‘फडताळ’ असे पुस्तकी घरातले शब्द परके असू शकतात, तर पाढे आणि विज्ञान यांतील कठीण शब्द ओळखीचे असतात. म्हणून पुस्तकात कोणते शब्द अडले, आणि ते चित्रावरून किंवा मागच्या-पुढच्या वाक्यावरून उलगडतात की नाही, हे परीक्षणात लिहावे. इंग्रजी माध्यमातील मुलांचा प्रश्न वेगळा आहे. दहा वर्षांच्या मुलीची समज आणि आवड तिच्या वयाची असते, पण देवनागरी वाचण्याचा वेग पहिली-दुसरीतल्या मुलाइतका असतो. तिला चिमणी-कावळ्याची गोष्ट दिली की ती मराठी पुस्तकापासून आणखी लांब जाते. कमी शब्दांत मोठ्या मुलांचा विषय हाताळणारे पुस्तक सापडले तर ते या वाचकांसाठी आहे असे आवर्जून नोंदवावे. अशी पुस्तके थोडी आहेत आणि पालक ती शोधत असतात.

चित्रांबद्दल ‘सुंदर, रंगीत चित्रे’ एवढे लिहून पुढे जाऊ नये. चित्र मजकुरात आहे तेच पुन्हा सांगते, की मजकुरात नसलेले काही सांगते, हे पाहावे. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका जेव्हा स्वतःच चित्रे काढतात तेव्हा शब्दांनी काय सांगायचे आणि चित्राने काय, हे आधीच वाटून घेतलेले असते, आणि ती वाटणी ओळखणे हा परीक्षणाचा आनंददायक भाग आहे. चित्रांतील माणसांकडेही पाहावे : स्वयंपाकघरात नेहमी आईच आहे का, हुशार मुलगा नेहमी गोरा आणि खोडकर मुलगा सावळा आहे का, गावातील घर आणि वस्ती कुणाची दाखवली आहे. आक्षेप असेल तर पान सांगून शांतपणे लिहावा.

उदाहरणादाखल समजा की विणकराच्या घरातील मुलीची एक चित्रकथा आपण वाचली. तिच्यावर ‘श्रमाचे महत्त्व सांगणारी, आकर्षक चित्रांनी नटलेली, प्रत्येक बालकाने वाचावी अशी गोष्ट’ असे लिहिले तर ते वाक्य दुसऱ्या कोणत्याही पुस्तकावर तसेच चालेल. त्याऐवजी असे लिहिता येते : ‘मुलीला रोज आजोबांच्या हातमागाच्या आवाजाने जाग येते. एके सकाळी आवाज येत नाही, आणि तो का थांबला याचा ती घरभर शोध घेते. पानावर दोन-तीनच वाक्ये आहेत. धोटा, कांडी, ताणा हे शब्द समजावून न सांगता चित्रांत दाखवले आहेत, आणि सात वर्षांच्या श्रोत्याने धोटा कुठून कुठे जातो ते चित्रावर बोट फिरवून सांगितले. शेवटच्या दोन पानांवर आजोबा कष्टाचे मोल समजावून सांगू लागतात, तिथे तो पाणी प्यायला उठला. आजोबांच्या आजारपणाचा उल्लेख आहे, तो घाबरवणारा नाही. दुसरीतल्या मुलाला वाचून दाखवावे; तिसरीतले मूल स्वतः वाचेल.’ या मजकुरात कुठेही स्तुती किंवा निंदा नाही, तरी पुस्तकाचे बळ कुठे आहे आणि ते कुठे सैल पडते हे कळते.

त्या शेवटच्या दोन पानांबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. मुलांसाठी लिहिताना लेखकाला शेवटी स्वतः येऊन बोध सांगण्याचा मोह होतो, आणि परीक्षण करणारेही पुस्तकाचे मोल त्यातील बोधावर ठरवतात. माझ्या मते हा निकष सोडून द्यावा. गोष्ट चांगली असेल तर तिच्यातील माणसांच्या वागण्यातून मूल आपापले काढून घेते, आणि ते पुष्कळदा आपण अपेक्षा केली त्याहून वेगळे आणि अधिक खोल असते. बोध असलाच तर तो कुणाच्या तोंडी आहे, गोष्टीतून आला आहे की वरून लावला आहे, एवढे सांगावे.

मृत्यू, आजारपण, घरातील भांडणे, दारू, मारहाण असे विषय पुस्तकात असतील तर पालकांना आधी सांगावे, पण ‘मुलांना देऊ नये’ असा निकाल आपण देऊ नये. प्रसंग कसा हाताळला आहे हे लिहिले की ज्या घरात नुकतेच आजोबा गेले आहेत त्या घरातील आई स्वतः ठरवू शकते की हे पुस्तक आत्ता द्यावे, सोबत बसून वाचावे, की काही महिने थांबावे.

मुलांसाठीचे चरित्र असेल तर माहितीची तपासणी मोठ्यांच्या पुस्तकाइतकीच कडक हवी. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरील छोटे पुस्तक घ्या. त्यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला, १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे तिथे निधन झाले. पुस्तक इतर चार डॉक्टरांची नावे देते का, त्यांनी चिनी परिचारिकेशी विवाह केला आणि त्यांना मुलगा झाला हे सांगते का, की फक्त त्यागाची वर्णने करते, हे पाहावे. मुलाला माणूस दिसला पाहिजे : तो कोणती भाषा शिकला, थंडीत काय घालत असे, शस्त्रक्रिया कोणत्या परिस्थितीत करत असे. पक्ष्यांवरील पुस्तक असेल तर ते मुलासह हिप्परग्याच्या तलावावर न्यावे आणि चित्रांवरून समोरचा पक्षी ओळखता येतो का ते पाहावे. ओळखता आला नाही तर त्या पुस्तकाची चित्रे कितीही देखणी असली तरी त्यांचा उपयोग नाही, आणि तसे लिहावे.

मजकूर पक्का करताना

मुलांच्या पुस्तकासाठी तीनशे ते चारशे आणि मोठ्यांच्या पुस्तकासाठी सहाशे ते आठशे शब्द साधारण पुरतात. मोठ्यांच्या विषयाला जोडून मुलांचे पुस्तक सापडले, जसे जंगलावरील आत्मकथनाबरोबर पक्ष्यांचे चित्रपुस्तक, तर दोन्हींवर एकत्र लिहावे, म्हणजे घरातील दोन पिढ्यांना एकाच वेळी वाचायला मिळते.

सोलापूरसारख्या गावात ज्यांच्या पुस्तकावर आपण लिहितो ते लेखक उद्या फडकुले सभागृहातील कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवर असू शकतात. त्यामुळे दोष लिहिताना हात आखडतो, हे स्वाभाविक असले तरी वाचकावर अन्याय करणारे आहे. लेखक ओळखीचे असतील किंवा पुस्तक भेट म्हणून आले असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे. मग पुस्तकाबद्दल बोलावे, लेखकाबद्दल बोलू नये. ‘लेखकाने अधिक कष्ट घ्यायला हवे होते’ या वाक्याचा आधार आपल्याकडे नसतो, कारण कष्ट किती घेतले ते आपण पाहिलेले नाही. ‘दुसऱ्या भागातील पत्रे एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटतात, पाहा पान ६२ आणि ७१’ या वाक्याचा आधार पानावर आहे. अतिशय जवळचे नाते असेल तर परीक्षण दुसऱ्याकडे सोपवणे चांगले.

मजकूर पक्का झाला की मोठ्याने वाचावा, विशेषणे पुन्हा एकदा मोजावीत, प्रत्येक नाव आणि पान क्रमांक पुस्तक उघडून ताडून पाहावा. मुलाच्या तोंडचे वाक्य घेतले असेल तर ते त्याला वाचून दाखवावे. ‘मी असं म्हटलं नव्हतं’ असे ते म्हणाले तर दुरुस्त करावे. शेवटी पुस्तक कुठे मिळेल ते लिहावे : गावातील कोणत्या ग्रंथालयात प्रत आहे, बालविभागात आहे की सर्वसाधारण विभागात, दाखल क्रमांक काय, विकत घ्यायचे तर किंमत किती. परीक्षणाची एक प्रत त्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालांना नेऊन द्यावी, म्हणजे ती सूचनाफलकावर लागते आणि पुस्तक परत येऊन कपाटात जाण्याआधीच त्याला पुढचा वाचक मिळू शकतो.